दुधना-पूर्णा लढाईची वही

मी एक वही बोलतेय. जरा जवळ या, पण आधी हात दाखवा. ओले नाहीत ना? तेलकट? राग मानू नका. तुमच्यावर संशय आहे असं नाही. म्हणजे आहे थोडासा. माझा सगळ्यांवरच असतो. घरातलं पोर दोन मिनिटं गप्प बसलं की आई जशी हातातलं टाकून बघायला उठते, तसं मला कुणी नुसतं कपाट उघडलं तरी होतं. रद्दीवाला आला का? पाणी सांडलं का? कसर लागली का?

मी दोनशे पानी, आखीव. पाठीवर पाढे छापलेले आहेत, त्यातल्या तेराच्या पाढ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. आत अभ्यासाचं काही नाही. नियम आहेत. लढाईचे. दचकू नका, बोटाएवढ्या मातीच्या शिपायांच्या लढाईचे. आणि एका माणसावरचा आळ आहे, जो मी अठरा वर्षं खरा धरून चालले. त्याचं काय झालं ते सांगायचंय. सांगताना मी चुकत नसेन, अशी आशा आहे. खात्री मला कशाचीच नसते.

परतूरला स्टेशनाजवळच्या दुकानातून साहेबराव गुरुजींनी मला घेतलं ते टाचणासाठी. उद्या वर्गात काय शिकवायचं, ते गुरुजी लोक आदल्या दिवशी लिहून ठेवतात, ते टाचण. साहेब तपासायला आले की दाखवायचं. म्हणजे माझं आयुष्य सरळ जायचं होतं: इयत्ता सहावी, घटक, उपघटक, खाली लाल सही. मी तशी घाबरट. मला ते आवडलंही असतं.

दोन पानं भरली आणि घरात भांडण झालं.

गुरुजींना दोन मुलं. सुमित तेरा वर्षांचा, प्रीती दहाची. पोळ्याचे बैल करून उरलेल्या काळ्या मातीचे त्यांनी शिपाई केले होते. काळी माती वाळली की तडकते आणि शिपायाचं मुंडकं आधी पडतं. प्रीतीनं त्या मातीत कापूस पिंजून मळला. परतूरला कापसाला काय तोटा? जिनिंगच्या बाजूनं वारा सुटला की कुंपणाच्या तारेलासुद्धा कापूस लटकतो. त्या मातीचे शिपाई दगडासारखे निघाले. मग दोन फौजा झाल्या, सुमितची पूर्णा आणि प्रीतीची दुधना. नद्यांची नावं दिली, कारण राजाचं द्यायचं तर राजा कोण, यावर आधीच एक मारामारी होऊन गेली होती.

आजचं भांडण मापाचं होतं. शिपाई एका चालीत किती चालणार? एक वीत. पण कुणाची वीत?

"माझी," सुमित म्हणाला. "मी मोठाय."

"काल तर बोटानं मापलं! बाबा, दादा रोज नवा नियम काढून राह्यला!"

"ती हरली की रडती, बाबा. नियमाचं काय न्हाई त्यात."

गुरुजींनी पेन खाली ठेवलं, माझी भरलेली दोन पानं टर्रकन फाडली (अजून आठवलं की शिवण दुखते) आणि मला दोघांच्या मध्ये टाकलं.

"आधी लिहा, मंग खेळा," ते म्हणाले. "तोंडी नियम म्हंजे मोठ्याचा नियम. अन् बदलायचा असला तर दोघांच्या सह्या पाहिजेत. एकाच्या सहीवर बदल चालायचा न्हाई."

मला वाटलं, चालेल हे आठ दिवस. पोरं ती. नवव्या दिवशी माझ्या पानांच्या होड्या होणार.

तसं झालं नाही. पहिला नियम प्रीतीच्या गोल अक्षरात आहे: "पळालेला शिपाई मेला समजू नये. दोन डाव थांबून तो परत येईल." दुसरा सुमितचा, तिरक्या घाईच्या अक्षरात: "चिंचोका कडेवर टेकला तर पुन्हा टाकणे." फासे नव्हते, चार चिंचोके मधून फोडलेले, पांढरी बाजू वर आली की वार लागला. झाडाआडच्या शिपायाला एक पांढरं माफ. झाड म्हणजे तुरीची काडी. जो आधी चिडेल त्यानं सगळ्यांसाठी पाणी आणायचं. आणि सातवा, जो मला स्वतःला सगळ्यात आवडतो: "मोडलेला शिपाई फेकायचा नाही. पाण्यात भिजवायचा. त्याच्या मातीचा नवा शिपाई, ज्याच्याकडे कमी असतील त्याचा." प्रत्येक नियमाखाली दोन सह्या.

एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली. माणसं नियम शांतपणे करत नाहीत. आधी फसल्यासारखं वाटतं, मग आरडाओरडा, मग पेन. माझ्या एकेका ओळीखाली एकेक दुपारचं भांडण आहे. पण गंमत अशी की भांडण लिहून काढलं की दोघं लगेच त्याच नियमानं पुन्हा खेळायला बसत. प्रीती तर लढाई नसतानाही मला उघडून वाचायची. जेवताना. आई ओरडायची, "भाजीत बुडव आता ती वही." मी जीव मुठीत धरून असायची.

वितीचा प्रश्न तिनंच सोडवला. "एक वही," ती म्हणाली. म्हणजे माझी लांबी. मला अभिमान वाटला आणि लगेच धास्तीही, कारण मैदानावर मला आडवं घातलं की चार शिपाई लोळत. मग तिनं आईच्या शिवणाच्या डब्यातून एक कोरी सुती नाडी काढली, पायजम्यात ओवतात ती. टोकाला गाठ, माझ्या लांबीवर दुसरी गाठ, आणखी तेवढ्यावर तिसरी. पायदळ दुसऱ्या गाठीपर्यंत, घोडदळ तिसऱ्या गाठीपर्यंत. नियम अकरावा. दोन सह्या.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये मोठी लढाई लागली. गोणपाटाचं मैदान लोखंडी पलंगाखाली अंथरलेलं, कुणाचा पाय पडू नये म्हणून. तीन दिवस चालली. बारा तारखेला प्रीतीचे पाच घोडे पूर्णाच्या झेंड्यासमोर येऊन उभे राहिले (झेंडा गेला की लढाई हरली). तिनं सुमितसमोर नाडी धरली. तिसरी गाठ बरोबर झेंड्यावर.

"पुढची चाल माझी," प्रीती म्हणाली. "झेंडा गेला तुझा."

"जयंती झाल्यावर. आता आई ओरडती."

चौदा एप्रिल तोंडावर आली होती. घर झाडणं, भांडी, धुणं, सगळी धांदल. सुमितनं नाडी खिशात टाकली. मी टेबलावरून पाहिलं. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी तेवढंच पाहिलं. पुढचे दोन दिवस नाडी कुठं होती ते मला माहीत नाही.

पंधरा तारखेला दोघं पलंगाखाली शिरले. प्रीतीनं घोड्यापासून नाडी ताणली. तिसरी गाठ झेंड्याच्या दोन बोटं अलीकडं थांबली.

तिनं पुन्हा ताणली. पुन्हा दोन बोटं.

मग ती मला घेऊन गेली, घोड्यापासून एकदा आडवं घातलं, पुन्हा एकदा घातलं. माझं टोक नेमकं झेंड्याला लागलं. घोडे जागेवर होते. नाडी खोटी होती.

"दादा, तू गाठी सरकवल्या."

"मी? न्हाई!"

"नाडी कुणाकडं होती?"

"माझ्या खिशात." मग तो थांबला. "न्हाई, कोनाड्यातून घेतली आत्ता. कोनाड्यात होती."

"आधी म्हणला खिशात."

"आता आठवलं मला!"

"अन् ही निळी का झाली? शाईनं खुणा केल्या न तू, कुठं गाठ मारायची त्याच्या?"

नाडी खरंच निळसर दिसत होती. सुमितनं ती उजेडात धरली. "मिरवणुकीत लागला असंल रंग."

"खिशात, कोनाड्यात, मिरवणुकीत. एक काय ते सांग."

सुमितचे कान लाल झाले. "मंग वहीच वाढली असंल!"

वाचकहो, मी वाढले? अठरा वर्षांत या वाक्यावर मी किती विचार केला असेल! पावसाळ्यात मी थोडी फुगते, हे खरं आहे. पण तो एप्रिल होता. परतूरचा एप्रिल. तरी आत कुठंतरी शंका राहिलीच, की आपणच तर नाही? आणि ती शंका नको म्हणून मी प्रीतीची बाजू घेतली. तीन वेळा तीन उत्तरं देणारा माणूस खोटाच असणार, असं मी मानलं. सोपं होतं ते.

माझ्यात अडतीस नियम होते तोपर्यंत. मापच खोटं निघालं तर काय करायचं, याचा एकही नव्हता. प्रीतीनं नाडी गुंडाळून माझ्यात ठेवली, मला दप्तरात कोंबलं आणि म्हणाली, "तुझ्यासंग पुन्हा न्हाई खेळणार."

ते तिनं पाळलं.

भाऊ-बहीण बोलत नव्हते असं मात्र समजू नका. बोलायचे. "जेवलास का?" "हो." "गाडी किती वाजता हाय?" "साडेपाचला." वरून सगळं बराबर. पण पलंगाखाली पुन्हा दोघं कधी शिरले नाहीत.

माझी जागा प्रीतीच्या पेटीत गेली. शिक्षणासाठी ती औरंगाबादेत वसतिगृहात राहिली, तिथं मीही. एकदा मैत्रिणीच्या मोबाइलवर तिनं पाहिलं, परदेशात कुठंतरी मोठाली दाढीवाली माणसं टेबलाभोवती उभी राहून बोटाएवढे रंगवलेले शिपाई सरकवताहेत, फासे टाकताहेत, टेपनं मापताहेत आणि जाडजूड पुस्तकात नियम बघताहेत. वॉरगेम म्हणतात त्याला. प्रीती ताडकन उठून बसली. "अगं बाई, हे तर आमचंच!" तिनं पेटीतून मला काढलं. त्यांच्या पुस्तकात पळालेला शिपाई परत येतो का, हे तिला आधी बघायचं होतं. येतो म्हणे, कधी कधी. ती इतकी हसली की मैत्रिणीला वाटलं हिला काही झालं.

तेव्हापासून ती शिपाई करते. माती, कापूस, वर नेलपेंटचा ब्रश. एवढ्याशा चेहऱ्याला भुवया काढते, श्वास रोखून. लग्न होऊन मंठ्याला आली तरी सुटलं नाही. नवरा मिथुन कृषी सहायक आहे, भला माणूस, पण त्यानं एकदा माझा कोपरा फाडून त्यावर कुणाचा तरी नंबर लिहिला. त्याच्यावर माझा डोळा असतो.

शेजारच्या उषाबाईंचा आमच्यावर. त्या एकदा विरजण मागायला आल्या आणि ओट्यावर मी उघडी.

"मेले सात, पळाले तीन," त्यांनी वाचलं. "प्रीती, हे काय गं? अन् ही मुंडकी वाळत कशाला घातली?"

"खेळ आहे तो, काकू. मातीचे शिपाई."

"कुणाच्या नावाचे?"

"कुणाच्याच नावाचे न्हाईत!"

"न्हाई म्हणजे, आमचे हे आठ दिवसांपासून कंबर धरून बसलेत, म्हणून विचारलं."

विरजण न घेताच गेल्या.

पण खरं दुखणं वेगळं होतं, आणि ते मला माहीत होतं. प्रीतीकडं दोन पूर्ण फौजा होत्या, मैदान होतं, मी होते. समोर बसायला कुणी नव्हतं. मिथुन एकदा म्हणाला, "मी बसू का?" तर तिचं सगळं लक्ष त्याच्या हाताकडं. दहा मिनिटांत तो कंटाळून उठला. आता चार वर्षांच्या लेकीला, संघमित्राला (घरात ती मित्रा), शाळेत सोडलं की ती एकटीच दोन्ही बाजूंनी खेळायची. दुधनाची चाल उजव्या हातानं, पूर्णाची डाव्या. आणि डाव्या हातानं मापलं की उजव्या हातानं पुन्हा मापून बघायची.

हिवाळ्यातल्या एका बुधवारी सुमितचा फोन आला. तो जालन्याला सळईच्या कारखान्यात इंजिनिअर आहे.

"प्रीते, ती वही हाय का तुझ्याकडं? आपल्या नियमांची?"

"का?"

"रविवारी येतो. आई पण तिथंच हाय ना? मंग निवांत बोलू."

फोन ठेवल्यावर प्रीतीनं मला उघडून शेवटचं पान बघितलं. त्यावर तिनं तेव्हा, अकराव्या वर्षी, लिहून ठेवलेलं आहे: "१५ एप्रिल. दादानं गाठी सरकवल्या. लढाई रद्द." त्याखाली एकच सही.

"हे पान पाहिजे असंल त्याला," ती पुटपुटली.

मलाही तसंच वाटलं. माणूस अठरा वर्षांनी उगाच वही मागतो? तिनं मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि ज्वारीच्या कोठीत खोल पुरलं. संध्याकाळी मिथुन ज्वारी काढायला गेला.

"यात वही कशाला?"

"कीड लागू नये म्हणून."

"वहीला का ज्वारीला?"

तिनं ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला. मी आणखी खोल गेले. ज्वारीत श्वास कोंडतो, पण मला तिथं सुरक्षित वाटलं, हेही सांगायला हवं.

रविवारी दुपारी सुमित आला. पुढच्या खोलीतला आवाज मला कोठीतून ऐकू येत होता. "जयभीम, आई." कांताबाई हरभऱ्याची भाजी खुडत बसल्या होत्या, त्या चार दिवसांसाठी लेकीकडं आल्या होत्या. "मामा, खोक्यात काय आहे?" हा संघमित्राचा आवाज.

"पूर्णा," सुमित म्हणाला.

मग खोक्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मागोमाग काहीतरी खडखडलं. मला वाटलं संपलं, पोरीनं काहीतरी मोडलं. पुढं प्रीतीचा आवाज: "तूबी कापूसच मळतोस मातीत?"

"मंग? न्हाई तर मुंडकी पडतात."

चहा झाला. मग तो म्हणाला, "वही देतीस का? नियम उतरून घेतो. कारखान्यातली चार पोरं खेळतात माझ्या घरी, सुट्टीला. अर्धे नियम मला पाठ हैत, अर्धे मी मनानं सांगतो, अन् ती भांडतात. म्हणतात, सर, लिहून आणा."

"फोटो पाठवले असते की."

"हो. पण मला तुलाबी विचारायचं होतं, खेळशील का म्हणून."

प्रीती उठली. कोठीचं झाकण उघडलं, तिचा हात ज्वारीत शिरला आणि मी उजेडात आले. तिनं मला पिशवीतून काढलं, शेवटचं पान उघडलं आणि नाडी काढून सतरंजीवर ठेवली. निळसर, तीन गाठींची.

"आधी हे. तू तवा तीन वेळेस तीन गोष्टी सांगितल्या, दादा."

सुमितनं पान वाचलं. त्याचे कान तसेच लाल झाले, बत्तिसाव्या वर्षीसुद्धा.

"मला म्हाईतच न्हवतं ना काय झालं ते. मंग काय सांगणार? तू विचारत गेलीस, मी जे सुचलं ते सांगत गेलो." तो नाडीकडं बघत राहिला, हात लावला नाही. "तवापासनं मी माप हातात घेत न्हाई. कुणाशीबी खेळलो तरी समोरच्याला म्हणतो, तूच माप. पोरं म्हणतात सर आळशी हैत."

माझ्या मनात काय आलं सांगू? मनात आलं, हे वाक्य पाठ करून आलाय का हा? इतका वाईट स्वभाव आहे माझा.

कांताबाईंनी भाजीचं सूप बाजूला सरकवलं आणि पुढं वाकून नाडी उचलली.

"ही माझ्या शिवणाच्या डब्यातली नाडी हाय की. तुमच्याकडं कशी?"

"आई, खेळातली आहे ती. मापाची."

"मापाची?" त्यांनी ती बोटावर ओढून पाहिली. "ही तर म्या धुतल्याली हाय. तुझ्या पायजम्याच्या खिशात निघाली व्हती, सुमित. जयंतीचे कपडे सोड्यात उकळले, मंग निळीच्या बादलीत घातले. पिळताना ही हाताला लागली. वाळवून कोनाड्यात ठिवली."

दोघं आईच्या हातातल्या नाडीकडं बघायला लागले.

"काय झालं? अशे काय बघून राह्यले?"

"आई," प्रीती म्हणाली, "धुतल्यावर नाडी आखूड होती का?"

"कोरी नाडी? व्हतीच की! पहिल्या धुण्यात बोट-दोन बोट आटती. म्हणून तर आधी भिजवायची अन् मंग ओवायची. जन्मभर पायजमे घातले तुम्ही, येवढं म्हाईत न्हाई?"

"तू तवाच का न्हाई सांगितलं?"

"मला इचारलं का कुणी? दोघं तोंडं फुगवून बसले. मला वाटलं मिरवणुकीत भांडले असतील." आणि त्या पुन्हा भाजी खुडायला लागल्या.

मित्राला काही कळलं नाही, पण ती हसली. सुमितही हसायला गेला, जमलं नाही.

आणि मी? मी सतरंजीवर उघडी पडले होते, त्या पानासकट. बारा तारखेला मी टेबलावर होते. धुण्याच्या दगडाजवळ नव्हते, निळीची बादली मी पाहिली नव्हती, कोनाडा मला दिसत नव्हता. जे पाहिलंच नाही त्याबद्दल मी एवढी ठाम कशी राहिले? लेकराला ताप आला की आई आधी शेजारणीच्या नजरेवर शंका घेते, उघड्या खिडकीचं तिला नंतर सुचतं. माझं तेच झालं. बरं, माझ्यातलं ते वाक्य मला खोडताही येत नाही. पेन माणसांच्या हातात असतं.

प्रीती नाडी बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती.

"बारावीला तू कॉलेजात पहिला आलास न," ती म्हणाली, "तवा मला वाटलं होतं, कॉपी केली असंल."

"म्हाईत हाय."

"मी बोलले न्हवते तुला."

"तू मनात म्हणलेलंबी ऐकू यायचं."

तिनं खाली मान घातली. मला वाटलं रडणार. पण ती उठली आणि कपाटावरून मिठाईचा डबा काढला. दुधनाचे शिपाई एकेक करून सतरंजीवर मांडले. सुमितनं पूर्णा मांडली. त्याचे शिपाई तिच्यापेक्षा ओबडधोबड, पण भुवया काढलेल्या. तिनं एक उचलून जवळून पाहिला आणि परत ठेवला. "मामा, हा घोडा मला," मित्रा म्हणाली. तिला एक मोडका घोडा मिळाला आणि ती आजीजवळ जाऊन बसली.

"ती जुनी लढाई तूच जिंकली होतीस," सुमित म्हणाला. "पाहिजे तर लिहून देतो."

"ती राहू दे. नवी खेळू. पहिली चाल तुझी. घोडे की पायदळ?"

"घोडे." त्यानं मला उचललं आणि तिच्यापुढं धरलं. "दोन वह्या. माप."

तिनं हात पुढं केला नाही. "तू माप."

"प्रीते, मी न्हाई मापत. सांगितलं न."

"माप, दादा."

"तू नीट बघ मंग. डोळ्यासमोर मापतो."

प्रीती पदर खोचत उभी राहिली. "गॅसवर दूध ठेवलंय, उतू जाईल," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मागं वळून पाहिलं नाही.

गॅसवर दूध नव्हतं. होतं तेवढं सगळं चहाला लागलं होतं. आतून भांड्याचा आवाज नाही, बर्नरचा नाही. ती तिथं नुसती उभी होती.

सुमित मला हातात धरून बसून राहिला. त्याच्या अंगठ्याला घाम आला होता. ओला हात, आणि मी एरवी किंचाळले असते. मग त्यानं मला हळूच मिटलं, घोड्याच्या पायाशी पालथं घातलं. उचललं. पुन्हा एकदा पालथं घातलं, माझं तोंड सतरंजीवर.

एवढंच सांगायचं होतं. इतका वेळ ऐकलंत, आता मला परत ठेवा, कोठीत नको, वरच्या फळीवर चालेल. आणि जाताना विचारू नका, त्यानं बराबर मापलं का म्हणून. मला दिसलं नाही. मी पालथी होते.